ताईचं स्थळ आणि धीमोभाईचा आवाज

पिक्चरमध्ये रडणाऱ्या माणसावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. पडद्यावर आधी डोळ्यांत पाणी येतं आणि मग चेहरा रडका होतो. खरं रडू उलटं असतं. आधी तोंड वाकडं होतं, मग नाक गळायला लागतं, पाणी सगळ्यात शेवटी. हिरोचं नाक गळताना बघितलंय कोणी? मी नाही बघितलं. तेव्हापासून मला जो संशय यायला लागला तो अजून थांबलेला नाही.

ह्याला कारण सावली, बडोद्याजवळचं गाव. बाबा तिथे तालुक्याच्या कचेरीत होते, म्हणून माझी शाळा तिथली. गावात पिक्चर बघायचं म्हणजे एका गोडाऊनमध्ये टीव्ही आणि व्हिडिओ लावलेला असायचा, खाली सतरंजी. कॅसेट इतकी झिजलेली की हिरो कोण आणि व्हिलन कोण हे चेहऱ्यावरून कळायचं नाही, दोघंही निळेच दिसायचे. मग काय, मी कानांनी पिक्चर बघायला शिकलो. कोण कुठे श्वास घेतो, कोण शेवटचा शब्द गिळतो, कुठली हिरोईन पडद्यावर एक आणि आवाज भलत्याच बाईचा, हे मला डोळे मिटून सांगता यायचं. वर्गात मी सगळ्या हिरोंची नक्कल काढायचो, आणि गणिताच्या सरांची. सर जास्त चांगले जमायचे, कारण ते रोज ऐकायला मिळायचे आणि अगदी जवळून. माझा कान त्यांच्या हातात असायचा.

नक्कल म्हणजे आवाज, असं लोकांना वाटतं. आवाज कोणीही काढतो. नक्कल म्हणजे श्वास. माणूस वाक्याच्या कुठल्या जागी थांबतो, ती जागा सापडली की माणूस सापडला.

पुढे बाबांची बदली बडोद्याला झाली, मांजलपूरला एका सोसायटीत घर घेतलं आणि मी फतेगंजच्या बाजूला कॉलेजात जायला लागलो. तोपर्यंत केबल आली होती. सोसायटीतल्या प्रत्येक घराच्या गच्चीवरून काळी वायर लोंबायची आणि आई भाजी निवडता निवडता दुपारचा पिक्चर बघायची. घरात पिक्चरवर मत असलेली माणसं दोनच, मी आणि आई. बाबांचं मत एकच होतं, "सगळे चोर." ताईला मत होतं, पण ती सांगायची नाही.

माझं मत मात्र अख्ख्या सोसायटीत चालायचं. शुक्रवारी मी बघून आलो की शनिवारी दारापुढच्या ओटल्यावर शेजारच्या बेन पिक्चर कसा म्हणून विचारायच्या, "केवुं छे?" मी तोंड वाकडं केलं की त्यांचे पैसे वाचायचे.

हिरो संपला हे पेपरवाल्यांच्या आधी मला कळायचं. गळ्यात मफलर आला की समजायचं. मफलर थंडीसाठी नसतो, मानेसाठी असतो. मग नाचात मागची पोरं उड्या मारतात आणि हा मधे उभा राहून नुसती बोटं नाचवतो. मग मुलाखतीत म्हणतो, आता मला काहीतरी वेगळं करायचंय. वेगळं म्हणजे इन्स्पेक्टर. इन्स्पेक्टरला कोणी नाचायला सांगत नाही. हिरोईनचं तर विचारूच नका. काल ज्याच्याबरोबर ती झाडामागे लपत होती, आज त्यालाच "बेटा, खाना खा ले" म्हणते, आणि बेटा अजून कॉलेजातच! फर्स्ट इयरला! नवीन पोरांवरही माझा भरवसा नव्हता. जिममधून थेट पडद्यावर आलेली. दंड मोठे, आवाज बारीक. त्यांची नक्कल मला कधी जमली नाही. धरायला काही सापडायचंच नाही.

पण सगळ्यात जास्त संशय होता तो एकाच नटाचा. नाव सांगत नाही, बडोद्याच्या थिएटरांत त्याला धीमोभाई म्हणायचे. गुजरातीत धीमो म्हणजे सावकाश. हा माणूस वाक्य सुरू करायचा, तुम्ही बाहेर जाऊन खारी शिंग, म्हणजे खारे दाणे, घेऊन परत यायचं, वाक्य चालूच. "बात... ये है... कि..." आणि थांबायचा. खालून पोरं ओरडायची, "धीमोभाई, धक्को मारुं?"

गंमत म्हणजे तो थांबला की लोक पुढे झुकायचे. आवाज असा की गरम दुधावर साय धरावी. सुरुवातीला तो हिरो होता, चालला नाही. मग कुठल्यातरी डायरेक्टरच्या लक्षात आलं, की एवढा गोड माणूस शेवटी खुनी निघाला तर लोक खुर्चीतून पडतील. पडले. झालं, पुढे त्याने वर्षानुवर्षं तेच केलं. गोड नवरा, गोड डॉक्टर, गोड वकील. इंटर्व्हलपर्यंत हिरोईनला स्वतःच्या हाताने औषध द्यायचा, इंटर्व्हलनंतर त्याच बाटलीत विष. आई तर तो दिसला की सुरी टीव्हीकडे रोखायची. "ह्याच्या हातचं मी पाणी नाही पिणार."

अशा ह्या घरात ताईला बघायला आलेला मुलगा धीमोभाईच्या आवाजात बोलला.

आता ताईचं सांगतो. ती शाळेत लहान मुलांना शिकवायची. आधीची स्थळं कुठे पत्रिकेवरून, कुठे उंचीवरून फिसकटली होती. एका मुलाच्या आईने तर तिला चालून दाखवायला सांगितलं होतं. त्यानंतर ताईने बघण्याच्या कार्यक्रमात मन घालणंच सोडलं. शेव घातलेल्या पोह्यांचा ट्रे आणायची, ठेवायची, आणि बोलावल्याशिवाय बाहेर यायची नाही. त्या दिवशीही तिने ट्रे ठेवला आणि ती वळली.

बाबांनी मुलाला विचारलं, "कारखान्यात कुठल्या डिपार्टमेंटला आहात?"

मुलगा जरा थांबला. मग म्हणाला, "गोष्ट... अशी आहे... की मी इन्स्ट्रुमेंटेशनला आहे."

माझ्या हातातली बशी वाजली. तोच श्वास! "की"च्या आधी नाकातून घेतलेला, तस्साच. मी दारात उभा होतो, हा कोणाचा आवाज ते मला कोणी सांगायला नको होतं.

"शिफ्ट असेल मग?" बाबा.

"गोष्ट अशी आहे... की शिफ्ट असते. पण मला... रात्र आवडते. मशीनचा आवाज... स्वच्छ ऐकू येतो."

ताई वळली होती ती परत फिरली आणि खुर्चीच्या कडेला बसली. स्वतःहून. आईने माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत पाणी. (आधी तोंड वाकडं झालं, मग पाणी. खरं होतं.)

तेवढ्यात शेजारच्या बेन लोणच्याची बाटली परत करायच्या निमित्ताने आल्या. बघायचं होतं त्यांना, दुसरं काय. मुलाला म्हणाल्या, "केम छो भाई? घर जडी गयुं ने तरत?"

घर लगेच सापडलं ना, एवढंच विचारलं होतं. मुलगा हसला. मान हलवली. आणि त्याचे वडील, रेल्वेतले, एकदम पुढे सरकून म्हणाले, "हा हा बेन, जडी गयुं, कोई तकलीफ नथी!" बेननी परत मुलाकडे बघून विचारलं, चहा आपल्याकडचा गोड लागला ना? परत वडीलच बोलले. फारच गोड, म्हणाले.

चहा वडिलांनी अजून घेतलाच नव्हता.

पाहुणे गेले आणि घरात सगळे एकदम बोलायला लागले.

"किती विचार करून बोलतो," बाबा म्हणाले. "नाहीतर आजकालची पोरं."

"ऐकत राहावंसं वाटतं," आई म्हणाली.

"वाटणारच," मी म्हणालो. "धीमोभाई आहे तो."

"मस्ती नको करू हं."

मी केली. सोफ्यावर तो बसला होता तिथेच बसलो, थांबलो, नाकातून श्वास घेतला आणि म्हणालो, "गोष्ट... अशी आहे... की बाटलीत औषध आहे." आईचा हात गळ्यापाशी गेला. तिला एकदम सगळं ऐकू आलं. मंगळवारी दुपारीच तिने धीमोभाईला बायकोच्या दुधात काहीतरी मिसळताना बघितलं होतं.

"अगं बाई! हा तोच!"

"तो नाही आई, त्याच्यासारखा. पण मला सांग, जगात एवढे नट पडलेत. नक्कल करायची तर हिरोची करतात ना? ह्याने शेवटी हातकड्या पडणारा माणूस का निवडला?"

"दोघं मूर्ख आहात," बाबा म्हणाले.

"बरं, ते सोडा. बडोद्यात जन्म, बडोद्यात शाळा, आणि एक शब्द गुजराती बोलला नाही? बेन समोर उभ्या होत्या. आपली ताई भाजीवाल्याशी भांडते तेसुद्धा गुजरातीत."

ह्यावर बाबा सरळ होऊन बसले. नकलेचं त्यांना काही नव्हतं, पण हे कचेरीतल्या माणसाला कळणारं होतं. बाहेर गुजराती न बोलणारा बडोद्याचा मराठी मुलगा म्हणजे काहीतरी गडबड. खरंच इथला आहे का? शिक्षण इथलं का? वडील मधे मधे का बोलत होते?

ताई इतका वेळ ट्रेमधल्या बश्या एकावर एक ठेवत होती. ती उठून माझ्यासमोर आली. "हे बघ," ती म्हणाली, "हा मला आवडलाय. पहिल्यांदा कोणीतरी आवडलंय. तुझ्या एका नकलेवरून हे मोडलं ना, तर मी तुला आयुष्यात माफ करणार नाही." आणि आत जाता जाता दारात थांबून, "आणि खोटा निघाला आणि तुला कळून तू बोलला नाहीस, तरी नाही करणार."

म्हणजे दोन्हीकडून मीच.

आमच्याकडे तेव्हा एक पद्धत पडली होती. पसंती अर्धी झाली की मुलामुलीला एकटं फिरायला पाठवायचं नाही, पण पिक्चरला पाठवायचं, बरोबर धाकट्या भावाला देऊन. भावाने मधे बसायचं. कोणी तसं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण अर्ध्या मांजलपूरची लग्नं अशीच ठरली असतील. मी मधे बसायचं, नीट बघायचं आणि घरी येऊन बाबांना सांगायचं, असं ठरलं. पिक्चर मी निवडला. पेपरातल्या जाहिरातीत कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा, धीमोभाईचा चेहरा होता. आता तो हिरोईनचा बाप करायला लागला होता. मला बघायचं होतं, की हा मुलगा धीमोभाईला बघताना कसा दिसतो.

रविवारी दुपारी ताईच्या मोपेडवर मागे बसून गेलो. मुलगा थिएटरच्या दारात उभा होता, तिकिटं काढून. मी विचारलं, "खिडकीवर गर्दी होती?" तो म्हणाला, "गोष्ट अशी आहे... की मी लवकर आलो." मी ताईकडे बघितलं. ताईने मला चिमटा काढला.

आत बाल्कनीत आम्ही बसलो. ताई, मी, तो. खाऱ्या शिंगेची पुडी त्याने मला दिली, मी ताईला दिली, ताईने दोन दाणे घेऊन मला दिली. मला वाटलं, मी माणूस नाही, पोस्ट ऑफिस आहे. त्यांना बोलायचं असलं की दोघंही थोडे पुढे वाकायचे, मग मीही पुढे वाकायचो. मग ते मागे टेकायचे.

धीमोभाई पडद्यावर आला. पिकलेल्या केसांचा विग, शाल, हातात काठी. खालून ओरडा झाला, "आव्या, आव्या!" मी पडद्याकडे बघितलंच नाही. उजवीकडे बघितलं.

मुलाचे ओठ हलत होते.

आवाज नाही, नुसते ओठ. पिक्चर नवा होता, त्यामुळे डायलॉग त्याला पाठ असणं शक्यच नव्हतं. तो धीमोभाईच्या मागोमाग, एका शब्दाच्या अंतराने चालला होता. वाक्य तुटायचं तिथे तो थांबायचा, श्वास घ्यायचा. मला हे ओळखायला वेळ लागला नाही, मी स्वतः असाच बसतो. हा पिक्चर बघत नव्हता. रियाज करत होता.

आणि मला खरंच भीती वाटली. मी हे हसवायला करतो. हा कशाला करतो? माझ्या डाव्या बाजूला ताई मन लावून पिक्चर बघत होती, तिच्या हातात पुडी, आणि मला सारखं वाटत होतं की हिला काय सांगू आणि कधी.

इंटर्व्हल झाला. तो उठला, ताईकडे बघून बोटाने "तीन?" असं केलं आणि बाहेर गेला. मी दोन मिनिटांनी मागे गेलो.

कॅन्टीनच्या खिडकीवर नुसती झुंबड. कोणाला तीन समोसे हवे, कोणाला थंडा, सगळे हात लांब करून ओरडत होते, "तरण समोसा!", "भाई, अहिं एक ठंडुं!" तो खिडकीपाशी पोचलेला होता, पण उभाच. मागून आलेली माणसं त्याच्या खांद्यावरून हात घालून समोसे घेऊन जात होती. दोनदा कॅन्टीनवाला त्याच्याकडे वळला आणि दोनदा तो काहीच बोलला नाही. मी खांबाआड होतो. मला वाटलं, पकडलं! येत नाही ह्याला गुजराती. हा इथला नाहीच.

तिसऱ्यांदा कॅन्टीनवाला ओरडला, "बोलो ने भाई, शुं?"

"स..." तो म्हणाला. "स... स... स..."

मानेची शीर ताठ झाली. एक पाय जमिनीवर हळूच आपटला. डोळे मिटले.

"साप नीकळ्यो के शुं?" कॅन्टीनवाला म्हणाला आणि गर्दी हसली.

मला हसू आलं नाही, आणि ह्याचं कारण माझा चांगुलपणा नाही. मी कान लावून ऐकत होतो. पिक्चरमधला तोतरा माणूस मी शंभर वेळा काढलाय, टाळ्या हमखास. तो एकाच अक्षरावर अडतो, दर वेळी तेवढाच, घड्याळासारखा. पुढे शेवटच्या मारामारीत त्याला धक्का बसतो आणि तो घडाघडा बोलायला लागतो. हे तसं नव्हतं. हे प्रत्येक वेळी वेगळ्या जागी फुटत होतं, आणि मधे श्वासच नव्हता. श्वास नसलेल्या माणसाची नक्कल करताच येत नाही.

मी खांबाआडून पुढे झालो आणि ओरडलो, "तरण समोसा, भाई, अने चटणी वधारे!" मग पुडा घेतला, त्याचा दंड धरला आणि त्याला जिन्याच्या वळणावर नेला, जिथे पुढच्या पिक्चरचे फोटो काचेत लावलेले होते.

"तुला... क... क... कळलं," तो म्हणाला. हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. धीमोभाईपेक्षा पातळ होता.

"मला वाटलं तुम्हाला गुजराती येत नाही."

"येतं. स... सगळ्यांसारखं येतं." मग थांबला, तो नाकातला श्वास घेतला, आणि दुधावर साय आली. "गोष्ट अशी आहे... की लहानपणी मी बोलायचोच नाही. मग हा बघितला. एवढा मोठा माणूस... आणि सावकाश बोलतो, आणि लोक थांबतात त्याच्यासाठी. मी त्याच्यासारखं बोलून बघितलं. अडलो नाही."

"मग बेनशी का नाही बोललात?"

"मराठीत त्याने दोन पिक्चर केलेत, गुजरातीत कधी काम केलंय का?" तो म्हणाला. "कुठून ऐकणार मी?"

मला ते पटलं.

पण संशय एकदम जात नाही. मी विचारलं, "ताईला माहीत आहे?"

"नाही."

"तुमच्या घरचे काय म्हणाले?"

"लग्न होईस्तो... त्याच आवाजात बोल, म्हणाले."

"म्हणजे फसवायचं."

त्याने मान खाली घातली नाही, हे मला आवडलं. "हो," तो म्हणाला. "म्हणून पिक्चरला हो म्हटलं. अंधारात सांगीन म्हणून. पण तू... म... म... मधे."

घंटा झाली. आम्ही आत आलो. आईने निघताना बजावलं होतं, मधून उठायचं नाही, आग लागली तरी. मी ताईला म्हणालो, "सरक." ती म्हणाली, "का?" मी म्हणालो, "इथून खांब येतो." बाल्कनीत खांबच नव्हता. ती सरकली, माझ्या खुर्चीत आली, मी कडेला गेलो आणि समोसा खायला लागलो.

पडद्यावर धीमोभाई मुलीला तिच्या जन्माची हकीकत सांगत होता, म्हणजे बराच वेळ होता. आणि शेजारी तो बोलायला लागला. धीमोभाईच्या आवाजात नाही. मला सगळं ऐकू आलं नाही, पण किती वेळ लागला ते ऐकू आलं. एक शब्द यायचा, मग काहीच नाही, मग पायाचा आवाज, मग पुढचा. एकदा तर मलाच वाटलं आपण शब्द पुरवावा. ताईने पुरवला नाही. शाळेत ती मुलांना असंच करते, उत्तर येईपर्यंत नुसती बघत बसते.

सगळं सांगून झालं. मी समोसा चावायचा थांबलो. ताई रागावली असली तर मला कळलं असतं, ती रागावली की बांगड्या मागे सारते. बांगड्या वाजल्या नाहीत. पण हो म्हणाल्याचंही काही चिन्ह नव्हतं.

मग ती म्हणाली, "मग लग्नात उखाणा कसा घेणार तुम्ही? सगळे तोंडाकडे बघत असतात."

तो म्हणाला, "ग... गाऊन. गाताना अडत नाही."

"गाऊन दाखवा."

"आत्ता?"

मागच्या रांगेतून आवाज आला, "ओ बेन, बाकीनी वातो घरे जईने करजो ने!" आणि ताई, जी बघण्याच्या कार्यक्रमात कधी हसली नव्हती, ती पदर तोंडात धरून हसली.

येताना मोपेडवर मी तिला विचारलं, "राग नाही आला?"

"आला ने. लपवलं त्याचा आला." सिग्नलला थांबल्यावर ती मागे वळली. "पण तुला सांगू? मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, हा पाठ करून आलाय. एवढं गोड कोणी बोलतं का? दहा मुली बघून झाल्या असतील, सगळ्यांना हेच ऐकवलं असेल."

"मग आवडला म्हणालीस ते?"

"आवडला म्हणजे संशय येत नाही असं थोडंच आहे?"

मला वाटायचं, संशयी मी एकटाच.

घरी बाबा झोपाळ्यावर बसले होते. मला म्हणाले, "हं, बोल. कसा आहे?" मी तोंड उघडायच्या आत ताईनेच सांगितलं. सगळं, कॅन्टीनपासून (ते मी तिला वाटेत सांगितलं होतं). आईने आधी ऐकलं आणि मग देवासमोर हात जोडले. "विष नाही ना, मग झालं."

बाबांचं मात्र झालं नाही. त्यांनी झोपाळा पायाने थांबवला. "लपवलं म्हणजे लपवलं. अडखळतो ह्याचं मला काही नाही. पण आज हे लपवलं, उद्या काय? त्याचे वडील माझ्या समोर बसून माझ्या तोंडावर चहा गोड लागला म्हणतात!"

"वडिलांनी लपवलं," ताई म्हणाली. "त्याने सांगितलं."

"तुला सांगितलं. घरात मुलगी मागायला आला तो माझ्याकडे."

"मग विचारा त्याला. फोन आहे त्यांच्याकडे. तुम्हीच बोला."

आमच्याकडे फोन नवीनच आला होता. बाबांचा त्यावर विश्वास नव्हता. पलीकडचं गाव जेवढं लांब तेवढं मोठ्याने ओरडायचं, आणि पलीकडून लगेच उत्तर आलं नाही तर "लाइन गेली" म्हणून ठेवून द्यायचं, ही त्यांची पद्धत. त्यांनी नंबर फिरवला. आम्ही तिघं भोवती उभे.

"हां, नमस्कार. मी बोलतोय, मांजलपूरहून. ...नाही, नाही, तुमच्याशी नाही. त्यांना द्या. ...आहेत ना घरी? मग त्यांनाच द्या. ...नाही हो, तुम्ही सांगू नका. त्यांच्याशीच बोलायचंय."

वडील पलीकडून सोडत नव्हते हे कळत होतं. बाबा नुसते "त्यांनाच" म्हणत राहिले. मग एकदम त्यांचा आवाज खाली आला.

"हं. मुलीने सांगितलंय मला सगळं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि ते पिक्चरमधल्या माणसासारखं नको."

मग काहीच नाही. बाबांनी रिसीव्हर कानाला घट्ट दाबला. मी जवळ सरकून कान लावायचा प्रयत्न केला, बाबांनी कोपराने मला मागे ढकललं. पलीकडे तो कुठल्या आवाजात होता, धीमोभाईच्या की स्वतःच्या, हे मला जाणून घ्यायचंच होतं. अख्ख्या घरात ओळखू शकणारा मी एकटा, आणि ऐकू येत होतं फक्त बाबांना.

ताई दाराची कडी धरून उभी होती.

बराच वेळ गेला. आई हळूच म्हणाली, "अहो, लाइन गेली का?"

बाबांनी तिच्याकडे न बघता हात वर केला, थांब म्हणून. आणि दुसऱ्या हाताने रिसीव्हर तसाच धरून, पायाने वेताचा मोडा ओढून त्यावर बसले.

"बोला," ते म्हणाले. "मला घाई नाही."